आगीला न भिणारी आईला का टाळते?

प्रश्न : कॅथरीन सेंटर यांची ‘थिंग्ज यू सेव्ह इन अ फायर’ ही कादंबरी निम्मी वाचून झाली. अग्निशमन दलातली नायिका पेटत्या घरात बेधडक शिरते, पण सख्ख्या आईशी धड बोलत नाही. इतकी शूर बाई माफ करायला का कचरते?

उत्तर : आगीला न घाबरणारा माणूस कशालाच घाबरत नाही, असं आपण धरून चालतो. पण आगीचं भय सरावाने आवरता येतं. पाइप कुठे धरायचा, धुरात भिंतीच्या कडेने कसं सरकायचं, हे हाताला इतकं सवयीचं होतं की भीतीला वाव उरत नाही. या नायिकेच्या, कॅसीच्या, सोळाव्या वाढदिवशी आई घर सोडून गेली आणि त्याच रात्री एका मुलाने कॅसीवर अत्याचार केला. असल्या दुखण्याचा सराव कोण करून घेणार? तिने ते मनात कोंडून ठेवलं. बऱ्याच वर्षांनंतर, एका डोळ्याची दृष्टी गेलेली आई तिला मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्टला बोलावते, तेव्हा तेच पुन्हा उसळून येतं.

त्यात नोकरीही तिला मन मोकळं करू देत नाही. ऑस्टिनमधल्या तिच्या आधीच्या केंद्राची कॅप्टन, जी स्वतः बाई आहे, तिला निघताना बजावते की नव्या केंद्रात भावना अजिबात दाखवू नकोस. हे अतिरंजित वाटेल, पण न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो 1982 साली, तोही ब्रेंडा बर्कमन कोर्टात गेल्या म्हणून. आत गेलेल्या सुमारे 40 जणींना सहकाऱ्यांकडून जो छळ सोसावा लागला, तो वाचला की कॅप्टनचा सल्ला कुठून आला ते उमगतं. कामावर चढवलेला कठोरपणा कॅसी घरीही उतरवत नाही, इतकंच.

मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. अमेरिकेतल्या नियमानुसार विषारी धुरात कुणी एकट्याने शिरायचं नसतं. दोघांनी आत जायचं, एकमेकांच्या नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात राहायचं. आणि आतल्यांवर वेळ आली तर धावून जायला बाहेर आणखी दोघे तयार ठेवायचे. म्हणजे ज्या कामाने ती कणखर ठरते, त्याचा पायाच दुसऱ्यावर भार टाकण्याचा आहे. धुरात ती हे रोज करते. घरात, आईसमोर, तिला ते जमत नाही.

आता माफीबद्दल. माफ करणं म्हणजे झालं ते ठीक झालं म्हणणं, असा पुष्कळांचा समज असतो. कॅसीचाही आहे, म्हणून तिला माफी म्हणजे हार वाटते. तिची आई उलट सांगते : आपल्याला दुखावलं गेलं हे आधी स्वतःशी कबूल करायचं, मग दुखावणाराही चुकणारा माणूस आहे हे पाहायचं. यात गुन्हा पुसला जात नाही. आणि पहिली पायरीच सर्वांत अवघड, कारण त्यासाठी आधी ‘मला लागलंय’ असं म्हणावं लागतं. उरलेल्या निम्म्या भागात ती हे कुणापुढे आणि कशी बोलते, तिकडे लक्ष ठेवा. शेवट मी सांगत नाही.