शाहू मोडक : एका बालनटाच्या चरित्राचा अभ्यास

आमच्या भागांतून मुंबईस जाणारी वाट जुनी आहे. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू त्याच वाटेनें गेला, गिरणींत मजूर झाला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाच्या मोटारीपुढें आडवा होऊन त्यानें देह ठेविला. त्याचें नांव गांवांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु हल्लीं मुंबईचें नांव निघालें कीं पुष्कळ मुलांच्या मनांत प्रथम सिनेमा येतो. "आम्हांस नट व्हावयाचें आहे," असें एखादा विद्यार्थी बोलून दाखवितो, आणि त्याचे आईबाप चिंतेंत पडतात. मुलाचा हा छंद हंसण्यावारी न्यावा, कीं त्यास दटावावें? याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एका खऱ्या चरित्राकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर येथें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. तें नगर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमि. ख्रिस्तचरित्र ओवींत गुंफण्याचा प्रयत्न टिळकांनीं तेथेंच आरंभिला होता. तेथील ख्रिस्ती मंडळींस अभंग, ओवी व कीर्तन हीं परकीं नव्हतीं. ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तें नेवासेंही त्याच जिल्ह्यांत. हें लक्षांत घेतलें म्हणजे पुढील गोष्टीचें नवल थोडें कमी होतें, आणि तिचें मोल मात्र वाढतें.

इ. स. १९३२ सालीं पुण्याच्या सरस्वती सिनेटोन या संस्थेनें 'श्यामसुंदर' हा बोलपट काढिला. संस्थेचे चालक दादासाहेब तोरणे, आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर. त्यांत राधेची भूमिका शांता आपटे यांनीं केली, आणि बाळकृष्णाची भूमिका चौदा वर्षांच्या शाहूनें. मुंबईंत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला, आणि नगरचा हा मुलगा घरोघर ठाऊक झाला.

त्या काळीं हें काम कसें होतें, हें आमच्या बालमित्रांनीं समजून घ्यावें. बोलपट नुकताच जन्मास आला होता. पार्श्वगायनाची सोय अजून झालेली नव्हती. नटास स्वतःच गावें लागे, आणि तें गाणें छायाचित्रण चालू असतांनाच ध्वनिमुद्रित होई. एक स्वर चुकला तर सर्वांस तो प्रसंग पुन्हां करावा लागे. तेव्हां गोड चेहरा ही नटाची अर्धीच पुंजी होती. उरलेली पुंजी म्हणजे शुद्ध वाणी, तयार गळा आणि न कंटाळतां तेंच तें पुन्हां करण्याची संवय. पुढच्याच वर्षीं 'औट घटकेचा राजा' या चित्रपटांत शाहूनें दुहेरी भूमिका केली.

बालनटाच्या आयुष्यांत खरी कसोटी येते ती मिसरूड फुटतांना. येथें इंग्लंडांतील एक उदाहरण पाहण्याजोगें आहे. फ्रेडी बार्थोलोम्यू हा १९२४ सालीं लंडन येथें जन्मला, मावशी किंवा आत्या म्हणावी अशा एका वडील नातलग बाईनें त्यास वाढविलें, आणि १९३५ सालीं 'डेव्हिड कॉपरफील्ड' या अमेरिकन चित्रपटानें तो जगप्रसिद्ध झाला. पण त्याच्या मिळकतीवरून ती बाई व आईबाप यांच्यांत कोर्टकज्जे जुंपले, आणि मुलानें मिळविलेल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांतच गेला. वय वाढलें तशा भूमिका आटल्या. शेवटीं त्यानें जाहिरातीच्या व दूरचित्रवाणीच्या व्यवसायांत पडद्यामागचें काम पत्करिलें. मुलाची कीर्ति ही घरची दुभती गाय नव्हे, हें पालकांनीं या गोष्टींतून घ्यावें.

मोडकांची नौका मात्र पैलतीरीं लागली. १९३९ सालीं व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' या प्रभात कंपनीच्या चित्रपटांत त्यांनीं गणपत नांवाच्या पोलिस शिपायाची भूमिका केली. येथें मुकुट नव्हता, मुरली नव्हती. होता तो एका दुर्दैवी स्त्रीस आधार देऊं पाहणारा साधा माणूस. देवाची भूमिका करून नांवाजलेल्या नटानें गणवेश घालून सामान्य शिपाई व्हावें, हीच त्यांच्या वाढीची खूण होय.

त्यानंतर १९४० सालीं प्रभातचा 'संत ज्ञानेश्वर' आला. ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली ती सुमारें एकविसाव्या वर्षीं. आणि मोडकही त्या वेळीं बाविशीच्या आंतबाहेरच होते. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक हिंदु, दुसरे मुसलमान, आणि ज्ञानदेव झालेला नट जन्मानें ख्रिस्ती! तिघांनीं मिळून जी मूर्ति उभी केली, ती पाहून हजारों वारकऱ्यांचे हात जोडले गेले. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यांत आळें येथें, ज्ञानदेवांनीं ज्याच्या मुखें वेद बोलविले असें सांगतात, त्या रेड्याची समाधि आहे. तेथें गेलेल्या मुलांनीं ही गोष्टही आठवावी.

पुढें १९४२ सालीं 'भरत मिलाप' मध्यें ते भरत झाले, आणि श्रीकृष्णाची भूमिका तर त्यांनीं आयुष्यांत अनेक चित्रपटांतून केली. ११ मे १९९३ रोजीं त्यांचें निधन झालें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मुलानें नट व्हावें काय? आम्ही "नको" असें म्हणत नाहीं. पण ज्यास नट व्हावयाचें आहे त्यानें आधीं आपली भाषा घासून स्वच्छ करावी, मोठ्यानें वाचावें, गावें, आणि जो आपण नाहीं त्याचें मन जाणण्याचा अभ्यास करावा. दुसऱ्याच्या देवासही आपल्या कंठांतून खरेपणानें बोलूं देणें हें लहान काम नव्हे. त्यासाठीं अंतःकरण मोठें लागतें. तें मोठें झालें, तर पडदा मिळो वा न मिळो, मुलाचें शिक्षण वायां गेलें नाहीं. आणि आईबापांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाच्या इच्छेची थट्टा करूं नये आणि तिचा बाजारही मांडूं नये. त्यास शिकूं द्यावें. वाट त्याची त्यास सांपडेल.