बाळाचा पहिला नाताळ

डिसेंबर लागला की थंडी वाढते. शेतात शाळू डोलू लागतो. याच दिवसांत आपल्याकडे काही घरांच्या दारावर कागदाची चांदणी टांगलेली दिसते. बांबूच्या कामट्यांची चौकट करतात. तिला रंगीत कागद चिकटवतात. आत दिवा लावतात. ही नाताळची चांदणी.

नाताळ म्हणजे काय? हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. ख्रिस्ती लोक २५ डिसेंबरला येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस पाळतात. बायबलात ही कथा अशी आहे. येशूच्या आईला बेथलेहेम गावात उतरायला जागा मिळाली नाही. तिने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवले. गव्हाण आपण रोज पाहतो. गुरांना वैरण घालतो तीच ती. रानातले मेंढपाळ बाळाला पाहायला आले. पूर्वेकडून शहाणे लोक आले. त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी आणल्या. त्यांनी बाळ पाहिले, नमन केले, भेटी दिल्या आणि ते आपल्या वाटेने परत गेले.

म्हणजे नाताळ हा मुळात एका तान्ह्या बाळाचा सण. मग ज्या घरात स्वतःचे बाळ पाळण्यात आहे, तिथे हा सण कसा करावा? आज आपण हेच पाहू. घर ख्रिस्ती असो, हिंदू असो की मुसलमान असो. बाळाची पहिली दिवाळी आणि पहिली ईद यांनाही हा धडा लागू आहे, बरे का!

एक घर

अहमदनगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती लोकांची पुष्कळ घरे आहेत. १८३१ साली तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे याच नगरात काढली. त्यांनी रचलेली मराठी भजने लोक अजून गातात. पेटी आपली, तबला आपला, बोलीही आपली. नाताळचा फराळही ओळखीचाच. करंज्या, चकल्या, लाडू, शंकरपाळी!

या भागातले एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. घरात नवरा-बायको आणि आजी. लग्नाला सहा वर्षे झाली तेव्हा पाळणा हलला. बाळ ऑगस्टात झाले. नाताळला ते चार महिन्यांचे होणार. घरात आनंद मावत नाही.

बाळाचे वडील म्हणाले, "यंदा सगळ्या गावाला जेवण घालू. भजनी मंडळ बोलावू. कारखान्यावरचे दोस्त बोलावू. पैसे कमी पडले तर उसने घेऊ."

बाळाची आई म्हणाली, "अहो, दोस्त बोलवा, पण सगळे एकाच दिवशी नकोत. आणि ऋण काढून सण नको. पुढच्या महिन्यात बाळाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हातात चार पैसे नकोत का?"

आजीने सुनेची बाजू घेतली. ठरले असे. जेवणावळ नाही, फराळ आणि चहा. नातेवाईक नाताळच्या दिवशी दुपारी येतील. दोस्त आणि शेजारी दुसऱ्या दिवशी येतील. पैसे वाचले. गर्दीही वाटली गेली.

चुलीपाशी कोण?

सणाचे काम म्हणजे बाईचे काम, असे आपण धरून चालतो. पण हे बाळ चार महिन्यांचे आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यायचे असते. वरचे दूध नको, साखरपाणी नको, साधे पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात बाळाला लागणारे पाणीही असते. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा बाळ प्यायला मागते. आई पहाटेपासून कढईपाशी बसली तर बाळाला केव्हा घेईल? ती स्वतः केव्हा जेवेल?

शिवाय चुलीचा धूर बाळाच्या छातीला वाईट. तळणीच्या धुरात आणि उकळत्या तेलाजवळ बाळाला मांडीवर घेऊन कोणीही बसू नये.

त्या घरी काय केले? दिवाळीला शेजारच्या दोन घरांतून फराळाचे ताट आले होते. त्याच शेजारणी आता मदतीला आल्या. एकीने करंज्या लाटल्या. बाळाच्या वडिलांनी आणि त्यांच्या दोस्ताने अंगणात चूल मांडून चकल्या तळल्या. पहिला घाणा करपला. सगळे हसले. दुसरा बरा झाला. घराच्या एका कोपऱ्यात आजीने जुने लुगडे आडवे बांधले. पाहुणे आले तरी आईला आडोशाला बसून बाळाला निवांत पाजता आले.

बोटभर मध

नाताळच्या दुपारी पाहुणे जमले. बाळाच्या वडिलांची आत्या लांबून आली. तिने कनवटीची लहान बाटली काढली. बाटलीत रानातला मध होता. तिने मधात बोट बुडवले आणि ती पाळण्याकडे वळली.

बाळाची आई चटकन पुढे झाली. "आत्याबाई, थांबा. बाळाला मध द्यायचा नाही."

आत्याचा चेहरा उतरला. "अगं, आमच्या वेळी सगळ्यांना चाटवायचे. बाळाच्या बापालाही मीच चाटवला होता. माझा हात काय अपवित्र आहे का?"

घरात सगळे गप्प झाले. असा प्रसंग आपल्या घरीही येतो. एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला वडीलधाऱ्यांचा मान. काय करावे?

आधी मधाचे कारण समजून घेऊ. मध चांगला असला, घरच्या पोळ्याचा असला, तरी त्यात एका जातीच्या जंतूंची बीजे असू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. मोठ्या माणसाच्या पोटात ती रुजत नाहीत. पण तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने बाळाचे अंग लुळे पडते. ते दूध ओढू शकत नाही. श्वासही बंद पडू शकतो. असे क्वचित घडते. पण घडले तर जिवावर बेतते. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. बोटभरही नाही.

बाळाच्या आईने हे सारे आत्याला शांतपणे सांगितले. मग ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचा मध मला द्या. मी भाकरीबरोबर खाईन. बाळाला दूध माझंच मिळतं ना? आणि बाळाला आशीर्वाद द्या, तो तुमच्याच तोंडून हवा."

आत्याने थोडा वेळ काही उत्तर दिले नाही. मग तिने बाटली सुनेच्या हातात दिली. हात धुऊन ती पाळण्याशी बसली आणि तिने बाळाला आशीर्वाद दिला. मान राहिला आणि बाळही राखले. नाही म्हणताना कारण सांगावे आणि दुसरे काहीतरी मागून घ्यावे. मग माणूस दुखावत नाही.

ओसरीवरचा दोस्त

दुसऱ्या दिवशी दोस्त आणि शेजारी आले. दाराशी पाण्याची बादली, तांब्या आणि साबण ठेवला होता. वरती बाळाच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती:

"या, बसा. आधी हात धुवा. मग बाळ पाहा. बाळाचा मुका घेऊ नका."

अक्षर वेडेवाकडे होते, पण सगळ्यांनी वाचले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना लेकरांनी वाचून दाखवले.

शेजारच्या भाभींनी बाळाला कुंची शिवून आणली. एकाने खुळखुळा आणला. कारखान्यावरचा जिवलग दोस्त मात्र उंबऱ्याशी थबकला. त्याला आठ दिवस खोकला होता.

तो म्हणाला, "गड्या, मी ओसरीवरच बसतो. बाळ इथूनच बघतो."

बाळाचे वडील म्हणाले, "अरे, तू परका आहेस का? ये आत."

दोस्त हसला. "परका नाही म्हणूनच आत येत नाही."

तो ओसरीवर बसला. चहा तिथेच प्याला. भजन सुरू झाले तेव्हा त्याने बाहेरूनच टाळ धरला. त्या दिवशी बाळाला पुष्कळ भेटी आल्या. पण सर्वांत मोठी भेट या दोस्ताने दिली, असे आम्हांला वाटते.

मोठ्या माणसाला साधा वाटणारा खोकला बाळाच्या छातीत उतरू शकतो. डांग्या खोकला तर तान्ह्याला फार वाईट. त्याची लस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची होताच देतात. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्याच सुईत घटसर्प आणि धनुर्वात यांचीही लस असते. गोवराची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर ताप आणि पुरळ असलेल्या माणसापासून बाळाला दूर ठेवावे. सणाच्या आधी लसीचे कार्ड काढून वाचावे. एखादी लस राहिली असेल तर आशाताईंना विचारावे.

थंडीची रात्र

पाहुणे गेले. रात्री गारठा वाढला. आजी म्हणाली, "खोलीत कोळशाची शेगडी ठेवू या, बाळाला ऊब मिळेल."

हे कधीही करू नये. बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू जमतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. बाळाला ऊब द्यावी ती आईच्या अंगाची, सुती कपड्यांच्या दोन-तीन थरांची आणि टोपऱ्याची. पांघरूण तोंडावर येऊ देऊ नये. चांदणीतला दिवा मेणबत्तीचा असेल तर निजण्यापूर्वी विझवावा. कागद पेटायला वेळ लागत नाही.

मध्यरात्री बाळ कुरकुरू लागले. नाक चोंदले होते. आईच्या काळजात धस्स झाले. सहा वर्षांनी झालेले बाळ! आजी नाकात तेल घालायला उठली. आईने तिला थांबवले. तेल छातीत उतरू शकते.

आशाताईंनी शिकवलेली गोष्ट आईला आठवली. बाळ शांत झाल्यावर तिने झबले वर केले. वडिलांनी घड्याळ धरले. बाळाचे पोट एकदा वर आले आणि खाली गेले, म्हणजे एक श्वास. एक मिनिट पुरे होईपर्यंत तिने मोजले. एक्केचाळीस.

दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त झाले, तर ते धोक्याचे. दोन महिन्यांहून लहान बाळाला हा आकडा ६० आहे. या बाळाचा श्वास ठीक होता. छाती आत ओढली जात नव्हती. अंगात ताप नव्हता. ते दूधही नीट प्याले आणि झोपले. सकाळी आईवडिलांनी त्याला तरीही आशाताईंना दाखवले. साधी सर्दी निघाली. दोन वर्षांपूर्वी या बाईला शंभरपर्यंत आकडे येत नव्हते. त्या रात्री तिला ते कामी आले.

बाळाचा श्वास जलद चालला, छातीचा खालचा भाग आत जाऊ लागला, बाळाने दूध सोडले, ते मलूल पडले किंवा त्याला झटके आले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही गाडी फुकट येते. लहान बाळाला ताप आला तरीही डॉक्टरांना लगेच दाखवावे.

सण कोणाचा?

वर्षभराने बाळ चालू लागेल. पुढच्या नाताळला ते स्वतःच चांदणीकडे बोट दाखवील. त्याला पहिला नाताळ आठवणार नाही. पण आई सांगेल, "तुझ्या बापाने चकल्या करपवल्या. आत्याने आशीर्वाद दिला. काका ओसरीवर बसून टाळ वाजवत होते." ऐकून बाळ हसेल. ते हसायला हवे म्हणून तर हे सारे करायचे.

आठवा आणि सांगा

१. नाताळ या शब्दाचा अर्थ काय?
२. सहा महिन्यांपर्यंत बाळाला काय द्यावे?
३. बाळ किती मोठे होईपर्यंत मध देऊ नये? का?
४. दोस्त ओसरीवर का बसला? तुम्ही काय केले असते?
५. चार महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला किती झाले तर धोका समजावा?

लिहून पाहा

तुमच्या घरी बाळ आहे आणि सण जवळ आला आहे. दारावर लावण्यासाठी चार ओळींची पाटी लिहा. अक्षर मोठे काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आधी वाचून दाखवा.