किनाऱ्यावर शिकले ते माळावर

माझं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी उरकली की टोळ्या निघायच्या आणि आम्ही भावंडं आजीजवळ राहायचो. पुढे डी.एड. केलं, शिक्षक भरतीत नंबर लागला आणि नेमणूक मिळाली रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात. कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांत मराठवाड्यातले शिक्षक खूप आहेत. आंतरजिल्हा बदलीची वाट पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं तिथं जातात. माझीही गेली. पण त्या वर्षांनी मला समुद्र दाखवला आणि समुद्र राखणारी माणसंही दाखवली.

वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या जोडीला राज्य सरकारने २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान ही स्वायत्त संस्था उभी केली. खारफुटी, समुद्री कासवं, खाडीकाठच्या माणसांची उपजीविका असा तिच्या कामाचा पसारा. मी तिची कर्मचारी नव्हते. वर्गातली मुलं घेऊन किनाऱ्यावर जायचे, विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. आता बदली होऊन जिल्ह्यात परत आले आहे. त्या वहीतल्या पुष्कळ गोष्टींची गरज आज आमच्या माळावरच जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते.

१. राखणदार गावातलाच हवा

आमच्याकडे टोळ्या गाव सोडतात साधारण त्याच सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येऊ लागतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, अंगाने वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुढे त्या अंड्यांना वाली नसतो. कोल्हे, कुत्री, रानडुकरं ती उकरतात. पूर्वी माणसंही अंडी काढून खायची, विकायची.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी फिरत असताना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना अशी लुटलेली घरटी दिसली. त्यांनी गावाला विश्वासात घेतलं आणि राखणीचं काम गावातल्याच लोकांच्या हाती दिलं. ज्या वाळूतून अंडी जायची, त्याच वाळूवर गावकरी पहारा करू लागले. पुढे ही पद्धत गावोगाव पसरली. आज रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत ‘कासवमित्र’ नेमलेले असतात.

गुहागरच्या किनाऱ्यावर मी या माणसांबरोबर पहाटे चालले आहे. बॅटरीच्या उजेडात ते कासविणीचा माग ओळखतात. काठीने वाळू चाचपतात. जिथं काठी सहज आत जाते तिथं घरटं. अंडी हलू न देता, आहेत तशीच उचलायची, कारण उलटसुलट झालं तर आतला जीव दगावू शकतो. मग कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, तेवढाच खोल खड्डा करून ती ठेवायची. वर पाटी लावायची: तारीख, अंड्यांची संख्या, पिल्लं निघण्याचा अंदाज. पंचेचाळीस दिवस झाले की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि दिवसातून कितीतरी वेळा ती उचलून पाहायची. गोठ्यात गाय व्यायला टेकली की माझी आजी रात्रभर जशी उठून पाहायची, तशीच ही माणसं उठून पाहतात.

प्रशिक्षण बाहेरून देता येतं. पण कुणाच्या घरचं कुत्रं किनाऱ्यावर मोकळं सुटतं, कोणत्या वाडीत पूर्वी अंडी खाल्ली जायची, कुणाशी कसं बोललं म्हणजे तो ऐकतो, हे गावच्याच माणसाला ठाऊक. आमच्याकडे विहिरीत पडलेलं हरीण काढायला सर्वांत आधी धावतो तो शेजारच्या वावरातला शेतकरी. त्याला ओळखपत्र नाही, मानधन नाही, त्याची कुठं नोंद नाही. किनाऱ्यावर कासवमित्र असतो, तसा माळावर काळवीटमित्र का असू नये? पाटोदा, शिरूर, आष्टीतली कितीतरी पोरं हे काम आनंदाने करतील.

२. आधी नुकसान भरून द्या, मग सांगायला या

मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट हीच. कासव मासेमारीच्या जाळ्यात अडकतं. ते जिवंत सोडायचं तर पुष्कळदा जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे त्या घराची शेतीच. एका खारवी बाईने मला विचारलं होतं, “बाई, जाळं कापलं तर दुसऱ्या दिवशी होडी कशाच्या जोरावर जाणार?” यावर मी काय बोलणार? कायद्याने कासव पहिल्या अनुसूचीत आहे, हे तिला सांगून तिची चूल पेटणार नव्हती.

राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये याला उत्तर दिलं. कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती योजना चालवतात. मोबाइलवर काढलेला फोटो पुरावा म्हणून चालतो, हे मला फार मोलाचं वाटलं. गरीब माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची ती एक रीत आहे. भर समुद्रात, होडी हलत असताना, एकाने जाळं कापायचं आणि दुसऱ्याने मोबाइल धरायचा. तेवढ्याने काम होतं.

आता माझ्या तालुक्याकडे पाहा. रोही आणि काळवीट रात्रीतून तूर, हरभरा, ज्वारी खाऊन जातात, रानडुक्कर भुईमूग उकरतं. भरपाई इथंही आहे. पण अर्ज, पंचनामा, सातबारा, बँकेचं पासबुक आणि पुन्हा हेलपाटे. दोन एकर कोरडवाहू वावर असलेला माणूस एवढ्यासाठी किती दिवस रोजगार बुडवणार? माझे एक चुलते म्हणाले, “ताई, हरणं जपायची सरकारनं, अन् पेरायचं आम्ही?” त्या प्रश्नात राग होता, पण हरणाबद्दल द्वेष नव्हता. तो राग शमवायचा असेल तर समुद्रावर जे केलं ते इथं करावं. शेतकऱ्याचा फोटो ग्राह्य धरावा, अर्ज मोबाइलवरून घ्यावा आणि पैसे पुढच्या पेरणीच्या आधी द्यावेत. एवढं झालं की हरणांबद्दल कुणाला व्याख्यान द्यावं लागणार नाही.

३. रोज लिहून ठेवा

कासवमित्राची वही मी अनेकदा चाळली. घरट्याची तारीख, जागा, खोली, अंडी किती, पिल्लं किती, न फुटलेली किती. वाळूचं तापमानही, कारण कासवांत नर की मादी हे उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त निपजतात. अशा साध्या वह्यांवरूनच पुढे शास्त्रज्ञांना प्रश्न सुचतात. इथल्या शाळेत मी मुलांना पाऊस आणि शाळेजवळच्या विहिरीची पातळी लिहायला लावली आहे. दुष्काळाबद्दल आम्ही बोलतो खूप, नोंदवतो कमी.

४. पिल्लू उचलून पाण्यात सोडू नका

पिल्लं बाहेर आली की बघ्यांना राहवत नाही. इतकुसा जीव, समोर एवढा समुद्र. वाटतं, उचलून न्यावं. कासवमित्र मात्र पिल्लांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूतच सोडतात आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून लोकांना मागे ठेवतात. पिल्लाने ते अंतर स्वतःच्या वल्ह्यांनी कापावं लागतं. या वाटचालीत किनाऱ्याची खूण त्याच्यात मुरते आणि मोठी झालेली मादी पुढे त्याच मुलखाकडे वळते, असं अभ्यासक मानतात. माझ्या वर्गातली मुलं पिल्लू लाटेने मागे फेकलं गेलं की हळहळायची, पण दोरीच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. शिक्षक म्हणून मला ते फार उपयोगी पडलं. गणित अडलेल्या मुलाच्या हातातली पेन्सिल मी आता घेत नाही.

५. ‘पडीक’ म्हणण्याआधी त्या जमिनीवर कोण जगतं ते पाहा

खारफुटी म्हणजे चिखल, डास, भराव टाकायची जागा, अशी समजूत किनाऱ्यावरही होती. प्रत्यक्षात त्या मुळांमध्ये मासे, कोळंबी, खेकडे वाढतात आणि लाटांचा जोर तिथं मोडतो. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष जाहीर झाला. असं करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. मान मिळाला ते चांगलंच, पण मला जास्त मोठी वाटते ती २०१७ ची उपजीविका योजना. खेकडेपालन, कालवं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन यांसाठी गटाला ९० टक्के अनुदान, गटाने घालायचे १० टक्के. बदल्यात गावाने खारफुटी राखायची.

वेंगुर्ल्याला सुट्टीत गेले तेव्हा मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन सफर केली. बायका स्वतः होडी वल्हवतात आणि कोणतं झाड कोणतं, त्याचा उपयोग काय, कोणता पक्षी कधी येतो हे सांगतात. कालपर्यंत मासळी विकणाऱ्या बायका पाहुण्यांना झाडांच्या जाती शिकवत होत्या, आणि त्या शिकवण्यात काही कच्चं नव्हतं. मी शिक्षिका आहे, मला ते कळतं.

बीडमध्ये माळरानाच्या वाट्याला हाच ‘पडीक’ शब्द आला आहे. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तरी गवताळ माळाकडे आपण झाडं लावायची रिकामी जागा म्हणूनच पाहतो. काळवीट, तितर, माळढोक, लांडगे हे सगळे गवताचे रहिवासी. माळावर खड्डे घेऊन दाट झाडी लावली तर त्यांचं घर जातं. नायगावच्या परिसरातल्या बायकांचा एखादा गट पाहुण्यांना माळ दाखवतोय, हे मला पाहायचं आहे. ऊसतोडीला न जाता घरी राहता येईल असं काम इथं जितकं निघेल तितकं थोडं.

६. पाहुणे येऊ द्यावेत, पण नियम गावाचा

वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो. लोक गावातल्या घरांतच उतरतात, घरचं जेवण जेवतात, पैसा घरोघर जातो. मात्र गर्दी वाढली की दिवे, गाड्या, आवाजही वाढतात आणि कासविणीला किनाऱ्यावरचा उजेड सोसत नाही. आवरता येतील तेवढेच पाहुणे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. आपलं पाणी कोणत्या समुद्राला मिळतं, ते माहीत असावं

बीड जिल्ह्यातला एक थेंबही कोकणच्या समुद्राला जात नाही. बीड शहरातली बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला. आष्टीकडचं पाणी सीना, भीमा करत कृष्णेला जातं. माझ्या तालुक्यात उगम पावणारी मांजरा धनेगावच्या धरणातून लातूर, बीदर करत तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीत शिरते. शेवटी सगळं बंगालच्या उपसागरात. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे आणि तिथल्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात.

हे दोन समुद्र मी वेगळे समजत होते. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी सापडली, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली होती. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालते, हे अभ्यासकांनाही नवं होतं. त्याआधी, २०२३ मध्ये, गुहागरहून उपग्रह यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली होती. म्हणजे आमच्या ओढ्यातून वाहून गेलेली पिशवी ज्या पाण्यात पोचते, त्याच पाण्यात गुहागरची कासवीण हिंडते. हे मी नकाशावर बोट फिरवत मुलांना दाखवलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “मग आपल्या ओढ्यातलं प्लॅस्टिक आपणच काढायचं ना?”

ते काम आम्ही सुरू केलं आहे. पहिल्या पावसाच्या आधी ओढ्यावरच्या नळकांडी पुलाजवळ ग्रामपंचायतीच्या मदतीने जाळी बसवायची आणि मुलांनी हातमोजे घालून काठ साफ करायचा. गुटख्याच्या पुड्या, खताच्या गोण्या, बियाण्याची पाकिटं, ठिबकच्या जुन्या नळ्या असं बरंच निघतं. नळ्या आणि गोण्या भंगारवाला घेतो. शेतातून वाहून आलेला मल्चिंग पेपर मात्र मातीने माखलेला असतो, म्हणून तो घेत नाही आणि जाळायचा नाही हे आम्ही ठरवलं आहे. सध्या तो शाळेच्या मागच्या खोलीत साठवतोय. मराठवाड्यात तो कुणी घेत असेल, तर आम्ही तो धुऊन, वाळवून, गठ्ठे बांधून द्यायला तयार आहोत.