ड्रायर तापतो, तरी कपडे आंबटओले का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. सोसायटीत बाहेर दोरी बांधायला मनाई आहे, म्हणून कपडे वाळवायचा ड्रायर घेतला आणि ड्राय बाल्कनीत बसवला. सुरुवातीला तासाभरात कपडे खडखडीत वाळायचे. आता दोनदा लावला तरी जीन्सचा कंबरपट्टा आणि टॉवेलच्या कडा आंबटओल्या राहतात. ड्रमला हात लावला तर तो चांगला गरम लागतो. घरचे म्हणतात, हा पावसाळी हवेचा परिणाम आहे. खरंच हवेचा दोष आहे की यंत्राचा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हवेला दोष देऊ नका. २८ अंशांची ९० टक्के आर्द्र हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे भर जुलैतही यंत्रातली तापलेली हवा पाणी शोषायला तयारच असते.

‘ड्रम गरम लागतो’ हा तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आहे. आच मिळते आहे आणि तरी कपडे वाळत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा ओली हवा यंत्रातून बाहेर पडत नसते. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की आच कितीही वाढवा, पाणी आटत नाही. तसंच हे आहे. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी हवेची वाट तपासा.

पहिली तपासणी जाळीची. कपड्यांतून निघणारी सुताची लव, म्हणजे लिंट, या जाळीत अडकते आणि ती दर खेपेनंतर काढावी लागते. जाळी नुसती डोळ्यांना स्वच्छ दिसून भागत नाही. नळाखाली धरून तिच्यावर पाणी सोडा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर जाळीवर फॅब्रिक सॉफ्टनरचा पातळ, चिकट थर बसला आहे. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने ती घासा आणि पूर्ण वाळवून मगच परत बसवा.

दुसरी तपासणी नळीची. यंत्र बंद करा, प्लग काढा आणि ड्रायर पुढे ओढा. भिंतीला टेकून नळी चेपली आहे का, तिला पीळ पडला आहे का, हे बघा. मग ती सोडवून आतली लव काढा. नळीचं बाहेरचं तोंडही तपासा. तिथली झडप अडकलेली असते, नाहीतर समोर कबुतरांसाठी लावलेल्या जाळीवर लवीचा करडा पडदा धरलेला असतो. यंत्र चालू असताना त्या तोंडासमोर टिश्यू पेपर धरा. तो जोरात फडफडला तर वाट मोकळी आहे. नुसता हलला तर अडथळा बाकी आहे. पण बाराव्या मजल्यावर त्यासाठी खिडकीबाहेर वाकू नका. आतून हात पोचत नसेल, तर हे काम माहितगार माणसाकडून करून घ्या.

ही सफाई केवळ कपड्यांसाठी नाही. लव चटकन पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, तेव्हा तिथे घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच होतं. तुमची नळी प्लॅस्टिकची असेल तर ती बदलून धातूची घ्या.

नळीचं तोंड बाल्कनीतच उघडत असेल आणि काचा बंद असतील, तर यंत्र आपलीच वाफ पुन्हा आत ओढतं. अशा वेळी काच उघडी ठेवा. कायमचा उपाय मात्र नळी बाहेर काढणं हाच.

वाट मोकळी असूनही यंत्र लवकर थांबत असेल, तर सेन्सरकडे वळा. ड्रमच्या आत, बहुधा जाळीजवळ, धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना लागला की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि कपडे अजून ओले आहेत हे यंत्राला कळतं. पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला की प्रवाह अडतो आणि यंत्राला कपडे वाळल्यासारखे वाटतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसा. पातळ कुर्ते आणि जाड जीन्स एकत्र टाकल्या तरी हीच फसगत होते, म्हणून त्यांच्या खेपा वेगळ्या करा.

शेवटी पिळण्याचा हिशेब. ४ किलो सुती कपडे १४०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत साधारण २ लिटर पाणी उरतं, ८०० फेऱ्यांवर अडीच लिटरच्या वर. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. तेव्हा धुण्याच्या यंत्रातच कपडे नीट पिळून घ्या. वेळ आणि बिल दोन्ही वाचतील.

प्रश्न : आमच्याकडे धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात होतं. बाहेर जाणारी नळीच नाही. तरी कपडे दमट का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : दोन गोष्टी बघा. अशा यंत्राची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. ८ किलो धुणारं यंत्र अनेकदा ५ किलोच वाळवतं. त्यामुळे धुणं झाल्यावर काही कपडे बाहेर काढावेच लागतात. दुसरं म्हणजे, यांतली बरीच यंत्रं वाफेचं पाणी करण्यासाठी नळाचं थंड पाणी वापरतात. धुणं संपलं म्हणून नळ बंद केला, की वाफ आतच कोंडते.

दोघांसाठीही : ड्रम फिरतो पण तापतच नाही, असं झालं तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर हीटरची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. व्होल्टेज ठीक असेल, तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज गेलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचंच. मात्र तो ‘फ्यूज डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर ठाम नकार द्या. हवा तुंबून यंत्र जास्त तापलं की वीज तोडायची, एवढ्यासाठीच तो फ्यूज असतो. त्याच्या जागी नवा बसवून घ्या, आणि तो कशामुळे उडाला ते शोधून हवेची वाट साफ करेपर्यंत ड्रायर सुरू करू नका.