ग्राइंडर हाती घेण्याआधी : उन्हाळी दुरुस्तीसाठी कृषी सल्ला

माघ पौर्णिमेची कचारगडची जत्रा उलगली की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातला शेतकरी अवजारांकडे वळतो. पारी कुपार लिंगो आणि माता कली कंकालीच्या दर्शनासाठी छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून धनेगावात उतरलेले भाविक दरेकसा स्टेशनावरून परत गेलेले असतात. खरिपाचे धान घरात किंवा खरेदी केंद्रावर पोहोचलेले असते. पुजारीटोला आणि कालीसराडचे पाणी मिळते तिथे उन्हाळी धान उभे असते, बाकी बांध्या उघड्या पडलेल्या असतात. आता मृगापर्यंत जो वेळ मिळतो, त्यात केजव्हीलच्या तुटलेल्या पट्ट्या बदलायच्या, ट्रॉलीचा फाळका जोडायचा, कल्टिव्हेटरचे फाळ घासायचे, कुंपणाचे अँगल कापायचे, मळणी यंत्राची जाळी नीट करायची.

पूर्वी ही कामे लोहाराकडे किंवा हॅक्सॉ घेऊन घरीच होत. आता दीड-दोन हजार रुपयांत चार इंची ग्राइंडर मिळतो आणि गावातल्या अनेक घरांत तो मोटारसायकलच्या पान्ह्यांशेजारी पडलेला असतो. जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने 1954 साली वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला तेव्हा तो कारखान्यातल्या कसलेल्या कामगारासाठी होता. कारखान्यात त्याच्यासोबत चष्मा, हातमोजे आणि ओरडणारा फोरमन असायचा. शेतकऱ्याच्या अंगणात यंत्र एकटेच आले. म्हणून फोरमनचे काम आता घरातल्याच कोणीतरी करायला हवे.

गार्ड काढलेले यंत्र म्हणजे नादुरुस्त यंत्र

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेते. त्या वेगात चकतीची कड ताशी 200 किलोमीटरने धावते. दरेकशावरून जाणारी कोणतीही एक्स्प्रेस तिच्या मागेच राहील. एवढ्या वेगात चकती फुटली तर तिचे तुकडे कुठे जातील हे ठरवणारी एकच वस्तू यंत्रावर असते, ती म्हणजे अर्धगोल पत्र्याचे गार्ड. बहुतेक घरी नेमके तेच काढून ठेवलेले आढळते.

गार्ड काढण्याचे कारण ठरलेले असते. चार इंची चकती झिजून लहान होते, जाड अँगल पूर्ण कापला जात नाही, मग मोठी चकती बसवायची म्हणून गार्ड काढतात. यात एकाच वेळी दोन चुका होतात. प्रत्येक चकतीवर तिची कमाल वेगमर्यादा छापलेली असते. साधारण कटिंग व्हीलसाठी ती सेकंदाला 80 मीटर धरतात. म्हणजे 100 मिलिमीटरच्या चकतीला मिनिटाला सुमारे 15,300 फेरे चालतात, 125 च्या चकतीला 12,200, 180 च्या चकतीला 8,500 आणि पत्रा-पाइप कापायच्या 355 मिलिमीटरच्या मोठ्या चकतीला जेमतेम 4,300. चकती जितकी मोठी, तितके तिचे फेरे कमी असावे लागतात. सात इंची चकती लहान ग्राइंडरवर जबरदस्तीने बसवली, तर ती मर्यादेबाहेर फिरते आणि अडवायला गार्डही नसते.

आणखी एक चूक चकतीच्या जातीची. कटिंग व्हील एक-दीड मिलिमीटर जाडीचे असते आणि फक्त कडेने कापण्यासाठी बनवलेले असते. त्याच्या अंगाने वेल्डिंगचा उंचवटा घासायला गेले की ते वाकते आणि तडकते. घासायला सहा मिलिमीटर जाडीचे ग्राइंडिंग व्हील वेगळे येते. चकती बदलायला मिनिटभर लागते, तेवढा वेळ काढावा. लाकूड कापायचे दातेरी ब्लेड ग्राइंडरवर कधीच बसवू नये. दाता लाकडात अडकतो आणि यंत्र हातातून हिसकून मांडीवर किंवा गळ्यावर येते. फरशी कापायच्या कटरवर असे ब्लेड लावून पाट्या कापण्याची सवय गावोगावी दिसते, धोका तिथेही तोच आहे.

चकती विकत घेताना तिच्या मधल्या धातूच्या कड्याकडे पाहावे. चांगल्या कंपन्या तिथे महिना आणि वर्ष कोरतात, ती वापराची शेवटची तारीख असते. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टांगलेली, दोन-तीन हंगाम जुनी चकती आतून कमकुवत झालेली असू शकते. नवी चकती बसवल्यावर यंत्र जमिनीकडे तोंड करून, कोणी समोर नसताना, अर्धा-एक मिनिट मोकळे फिरवावे. फुटायची असेल तर ती बहुधा तेव्हाच फुटते.

कापताना पाइप कसा ठेवायचा

चकती फुटण्यापेक्षा जास्त वेळा घडते ते यंत्र उसळणे. कारण बहुधा पाइप ठेवण्याच्या पद्धतीत असते. दोन विटांवर पाइपची दोन टोके टेकवून मधोमध कापायला घेतले, की काप खोल जाताच पाइप स्वतःच्या वजनाने मध्ये वाकतो, कापाची वरची फट मिटते आणि चकती चिमटीत सापडते. पुढच्या क्षणी ग्राइंडर कापणाऱ्याच्या अंगावर येतो. उपाय सोपा आहे. राहणारा भाग व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने घट्ट धरावा आणि कापून पडणारे टोक बाहेर मोकळे लोंबू द्यावे. काप जसजसा खोल जाईल, तसे ते टोक खाली झुकते आणि फट उघडत जाते. पायाखाली पाइप दाबून कापणे, किंवा पोराला टोक धरायला बसवणे, या दोन्ही सवयी सोडाव्यात.

बाजूचे हँडल काढलेले नसावे, दोन्ही हात यंत्रावर असावेत आणि शरीर चकतीच्या रेषेत उभे न करता किंचित बाजूला असावे. काम झाल्यावर बटण बंद केले तरी चकती काही सेकंद फिरत राहते. ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये. तणसावर किंवा पोत्यावर तर नाहीच.

आता लाइट जाण्याविषयी. स्वस्त ग्राइंडरचे सरकते बटण एकदा पुढे ढकलले की अडकून राहते. कापता कापता वीज गेली, माणूस यंत्र खाली ठेवून बिडी ओढायला गेला, बटण तसेच राहिले. अर्ध्या तासाने वीज आली की ग्राइंडर अंगणात आपोआप फिरू लागतो आणि तिथे बहुधा लहान मूल किंवा शेळी असते. म्हणून वीज जाताच पहिल्यांदा प्लग काढावा, मग बटण मागे घ्यावे. नवीन यंत्र घ्यायचे असल्यास हात सोडताच बंद होणारे बटण असलेले घ्यावे. चकती बदलतानाही प्लग बोर्डातून काढूनच पान्हा लावावा.

केबलला गुंडाळलेली काळी टेप हे तात्पुरते काम असते, पण ती वर्षानुवर्षे तशीच राहते. ओल्या अंगणात, घामेजल्या हाताने, अनवाणी पायांनी असे यंत्र चालवणे जिवावर बेतते. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी घरच्या बोर्डावर बसवून घ्यावा, गळती होताच तो क्षणात पुरवठा तोडतो. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर हे संरक्षण मिळत नाही.

ठिणगी, तणीस आणि जंगल

कचारगडच्या आसपास या हंगामात सर्वात मोठा धोका ठिणगीचा आहे. कोठ्याजवळ तणसाचे ढीग, अंगणात पानगळ, घरावर कवेलूखाली सुकलेली लाकडे आणि पलीकडे लगेच जंगल. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभाग वणव्याचा काळ मानतो. मोह वेचणाऱ्यांना झाडाखाली पाला न पेटवण्याचे आवाहन केले जाते ते याच दिवसांत, आणि ग्राइंडरही नेमका याच दिवसांत चालतो.

लोखंडाची ठिणगी पडली की विझली असे दिसते, पण तणसाच्या ढिगात शिरलेला कण आत धुमसत राहतो आणि तासाभराने वारा लागला की पेट घेतो. वेल्डिंग आणि कटिंगसाठी अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत 35 फूट, म्हणजे सुमारे 11 मीटर परिसर मोकळा ठेवायला सांगितले आहे. गावात एवढे अंतर सहज मिळते, फक्त काम कोठ्यापासून उचलून मोकळ्या बांधीत न्यावे लागते. जागेवर आधी पाणी शिंपडावे, दोन बादल्या भरून ठेवाव्यात आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, कोणीतरी तिथे लक्ष ठेवावे. काम सकाळी लवकर उरकावे. मे महिन्यात गोंदियाचा पारा 42-43 अंशांच्या वर जातो, दुपारचा वारा कोरडा असतो आणि चष्मा घामाने धूसर होतो म्हणून लोक तो काढून टाकतात.

रिकामा डिझेलचा किंवा ऑइलचा ड्रम कापून पाण्याचा हौद करण्याचे काम याच दिवसांत निघते. रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा घातक, कारण त्यात वाफ साठलेली असते. ग्राइंडरची पहिली ठिणगी आत गेली की झाकण बॉम्बसारखे उडते. असा ड्रम घरी कापूच नये. कीटकनाशकाचे डबे तर कापू नयेत आणि पाण्यासाठी वापरूही नयेत.

डोळा गेला तर

लोखंडाचा कण डोळ्यात गेल्यावर गावात ठरलेला इलाज होतो. कोणीतरी काडीला कापूस गुंडाळून कण काढू पाहतो, कोणी पदराचे टोक फिरवतो. त्याने बुबुळावर ओरखडा उठतो. बुबुळात रुतलेला लोखंडी कण दिवसभरात गंजू लागतो आणि त्याभोवती तांबूस कडे धरते. ते फक्त डॉक्टरच काढू शकतात. डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कण निघाला नाही, किंवा वेगाने येऊन आत घुसल्याची शंका असेल, तर डोळ्यावर दाब न देता झाकण बांधून थेट दवाखाना गाठावा. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथपर्यंत पोहोचवायला 108 ची रुग्णवाहिका बोलवावी.

हे टाळणारा बंद बाजूंचा चष्मा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. उन्हाचा गॉगल त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण कण बाजूनेही येतो. पायात बूट असावेत. विदर्भात पुरुषांच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. कोणतेही फिरते यंत्र चालवताना तो काढून घरात ठेवावा. ग्राइंडरसाठी हाताला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात. पण ड्रिल मशीनवर आणि मळणी यंत्रावर सैल सुती मोजे घालू नयेत, धागा अडकला की हात आत ओढला जातो.

मे महिन्यात मळणी, मग ब्रश कटर

उन्हाळी धान निघाले की थ्रेशर सुरू होतात. संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे मळणी यंत्रात हात गमावलेले शेतमजूर होते. भारतीय मानक 9020 नुसार पेंढी सरकवण्याची घसरण किमान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि ड्रमकडचा 45 सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. भाड्याने आलेल्या यंत्रावर हे झाकण आहे का, ते टेप लावून पाहावे. नसेल तर मालकाला यंत्र परत न्यायला सांगावे. रात्री अपुऱ्या उजेडात, सलग आठ-दहा तास पेंढ्या सारणाऱ्या माणसाचा हात चुकतो. दर दोन तासांनी माणूस बदलावा. पेंढी सारणाऱ्या बाईने पदर खोचलेला आणि केस बांधलेले असावेत.

पावसाआधी धुऱ्यावरचे गवत काढायला ब्रश कटर निघतो. कचारगडच्या पायथ्याची जमीन खडकाळ आहे, ब्लेडला लागलेला दगड गोळीसारखा सुटतो. म्हणून चालवणाऱ्यापासून 15 मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्यावे.

बोट तुटले तर जखमेवर हळद, चहापत्ती, माती काहीही न लावता स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नये.

अपघात घडलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल 2023 पासून लागू आहे. 10 ते 75 वर्षे वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला तिचा आधार मिळतो. मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे वा दोन अवयव गेल्यास 2 लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, त्यामुळे दवाखान्याचे कागद आणि पंचनामा पहिल्याच दिवशी जपून ठेवावा.

मृगाला अजून अवकाश आहे. या आठवड्यात घरचा ग्राइंडर बाहेर काढून त्याचे गार्ड, बाजूचे हँडल, केबल आणि चकतीवरची तारीख तपासावी, आणि यातले एकही नीट नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत यंत्राला वीज देऊ नये.