जिना उतरताना घोटा का अडतो?

प्रश्न : घोट्याच्या अस्थिभंगानंतर प्लास्टर निघाले असून सपाटीवर चालता येते, पण डोंबिवली स्थानकाच्या पुलाचा जिना उतरवत नाही. लोकलचा प्रवास कधी सुरू करावा?

उत्तर : हाड साधारणतः सहा ते बारा आठवड्यांत सांधते, मात्र सांधा दीर्घकाळ स्थिर राहिल्याने त्याभोवतीचे आवरण आखडते आणि पोटरीचे स्नायू रोडावतात, त्यामुळे मोकळी चाल परत यायला कित्येक महिने लागू शकतात. जिना उतरताना वरच्या पायरीवर टेकलेल्या पायाची नडगी पावलावर पुढे झुकावी लागते आणि आखडलेल्या घोट्याला नेमके हेच झुकणे जमत नाही. म्हणून उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा, चढताना धडधाकट पाय आधी वर न्यावा. एका हाताने कठडा धरावा आणि काठी एरवी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी.

प्रवासाची घाई मात्र खरोखरच नको. ठाण्यात तलावपाळीसारख्या सपाट रस्त्यावर न लंगडता चालता येणे आणि दुखऱ्या पायावर काही क्षण तोल सावरता येणे, एवढे साधल्यावर शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या संमतीने गर्दी नसलेल्या वेळी सुरुवात करावी, कारण गर्दीत धक्का बसला की तोल त्याच पायावर सावरावा लागतो. संध्याकाळची किंचित सूज बहुधा स्वाभाविक असते. पण पोटरी एकाएकी सुजून ठणकू लागल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी, आणि सोबत दम लागल्यास थेट रुग्णालय गाठावे.