हवेतील कण आणि ढगातील पाऊस

शेतकरी बंधूंनो, आभाळ काळेभोर भरून येते, वारा सुटतो आणि ढग न बरसताच पुढे जातात, हा अनुभव आपणास आहेच. याचे एक कारण हवेतील सूक्ष्म कणांत दडलेले असते.

बाष्पाचे पाणी होण्यासाठी धूळ, धूर किंवा समुद्री मिठाच्या कणाचा आधार लागतो. ढगातील बिंदूचा व्यास सुमारे ०.०२ मि.मी., तर पावसाच्या थेंबाचा सुमारे २ मि.मी. असतो. म्हणजे एका थेंबासाठी सुमारे १० लाख बिंदू एकत्र यावे लागतात. धुराचे कण फार झाले, की तेच बाष्प अधिक कणांत वाटले जाते. बिंदू बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि पाऊस लांबतो. उंच वादळी ढगात हे बिंदू आणखी वर जाऊन गोठतात. मिठाचे मोठे कण मात्र पाणी लवकर ओढून मोठे थेंब बनवितात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांत सोडले. तेथून वाऱ्याच्या दिशेकडील १०० चौ.कि.मी. क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस आढळला. मात्र त्यासाठी मुळात बाष्पाने भरलेला ढग हवा; निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही.

म्हणून कृत्रिम पावसाच्या भरवशावर पेरणीची घाई करू नये. पुरेशी ओल झाल्यावरच पेरावे. उसाचे पाचट जाळून हवेत धूर वाढविण्याऐवजी त्याचे आच्छादन करावे. पडलेल्या पावसाची ओल जमिनीत टिकून राहील.